बाहेरच्या वळणाला खोल

७ फेब्रुवारी

नदीवाली,

मायना तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. 'चि. सौ.' लिहिता येत नाही, त्यातला 'सौ.' कोर्टाने काढून घेतला. 'श्रीमती' लिहिलं तर पत्र विजेच्या बिलासारखं दिसायला लागलं. 'प्रिय' लिहायचं म्हटलं तर ही शेजारीच बसली आहे, आणि तिलासुद्धा मी तसं लग्नानंतर कधी लिहिलेलं नाही. म्हणून शेवटी तुझं घरातलं टोपणनावच घातलं. पटलं नाही तर दुसरं सुचव.

फोन करता आला असता. पण 'हॅलो'नंतर 'मी अमुक बोलतोय' असं म्हणावं लागतं, आणि त्या अमुकच्या जागी काय म्हणायचं ते सुचेना. घटस्फोट झालेल्या सुनेचा सासरा तिचा कोण लागतो? पत्रात ती पंचाईत सहीपर्यंत पुढे ढकलता येते. तुझा घरचा पत्ता आमच्याकडे नाही, म्हणून नद्यांचं पाणी मोजणाऱ्या तुझ्या खात्याच्या पत्त्यावर पाठवतोय. पाकिटावर 'खासगी' लिहिलं आहे, म्हणजे तुझ्याआधी सगळं ऑफिस वाचेल.

काम असं आहे. आपली आगगाडी अजून कोरड्या पुलावरून जाते.

दवाखान्याची खोली तू सोडलीस तशीच आहे. तीन भिंतींना लागून टेबलं, त्यांवर रूळ, स्टेशन, बोगदा, आणि मधोमध माझी दातांची खुर्ची. दातांचा निवृत्त डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसून खेळण्यातली आगगाडी चालवतो, याचं आता गल्लीत कुणाला हसूही येत नाही. दातांचे साचे घ्यायच्या प्लास्टरने आपण उभे केलेले डोंगर शाबूत आहेत. त्यांच्यामधून नदीचं पात्र तू कोरलंस, 'पाणी सगळ्यात शेवटी करू' म्हणालीस, आणि मग तुम्हा दोघांचं ते सुरू झालं. तुम्ही धड भांडलाही नाहीत. भांडला असतात तर आम्हाला मधे पडता आलं असतं. दोन शहाणी माणसं आली, समोर बसली आणि 'आमचं जमत नाही' म्हणाली. दोन वर्षं झाली. पाणी राहूनच गेलं.

मागच्या आठवड्यात मी एकट्याने प्रयत्न केला. पात्रात निळा चकचकीत कागद चिकटवला. ही बघून म्हणाली, "नदी कुठली, हा तर इस्त्री केलेला पडदा." कागद काढला आणि निळा रंग दिला. ही म्हणाली, "आता पोहण्याचा तलाव." तुझ्या सासूबाईंचा स्वभाव तुला माहीत आहे. त्या आता तुझ्या सासूबाई नाहीत हेही मला माहीत आहे, पण वाक्यात दुसरं काही बसेना.

तर प्रश्न एवढाच, की पाण्याचा रंग कोणता? उत्तर नाही दिलंस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण असं लिहायची पद्धत आहे.

डॉक्टर
(तुझा कोण, ते अजून सापडलेलं नाही)


२१ फेब्रुवारी

नदीवाली,

तुझं कार्ड आलं. मायना नाही, सही नाही, खुशाली नाही. थेट सुरुवात: 'पाणी रंगवू नका. तळ रंगवा. बाहेरच्या वळणाला खोल, आतल्या वळणाला वाळू. टेबल सपाट आहे ना?' इतकं रोखठोक पत्र मला याआधी फक्त आयकर खात्याकडून आलेलं आहे. तरी ते मी इतक्यांदा वाचलं की ही म्हणाली, "चार ओळी आहेत. पाठ झाल्या असतील एव्हाना." झाल्या आहेत.

मायना का लिहिला नाहीस ते कळलं. 'बाबा' लिहावं की लिहू नये, हे तुलाही ठरवता आलं नसणार. ठरव सावकाश. मी कुठे जात नाही.

तुझ्या शंकेत तथ्य निघालं. टेबल बोगद्याकडे उतरतं आहे. स्टेशनवर सोडलेला डबा आपोआप बोगद्याकडे का सरकतो याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं. मी त्याला इंजिनाची ओढ समजत होतो. आता टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या आहेत.

बाकी मला मुळात नदीच कळलेली नव्हती. माझ्या डोक्यात नदी म्हणजे लांबट बशी, मधे खोल आणि दोन्ही कडांना उथळ. तुझं कार्ड वाचून ही म्हणाली, "त्यापेक्षा खरी बघून येऊ या की." म्हणून आम्ही दोघं गावाबाहेरच्या पुलावर गेलो आणि कठड्यावरून वाकून बघत उभे राहिलो. तू म्हणतेस तसंच आहे. बाहेरच्या वळणाला पाणी काळपट आणि तिथला काठ तुटलेला, आतल्या बाजूला वाळू पसरलेली. जन्मभर त्या पुलावरून गेलो, एकदाही दिसलं नाही.

एवढ्यात सायकलवरून जाणारा एक गृहस्थ थांबला. "आजोबा, काही पडलं का खाली?"

मी म्हटलं, "नाही हो. नेमकं खोल कुठे आहे ते बघतोय."

त्याचा चेहरा उतरला. सायकल तिथेच आडवी टाकून तो आमच्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

ही त्याची समजूत घालायला गेली. "अहो, तसलं काही नाही. आम्ही घरात नदी करतोय." त्यानंतर तर तो आम्हाला सोडेचना. सायकल हातात धरून घराच्या दारापर्यंत पोचवायला आला, आणि जाताना हिला हळूच म्हणाला, "जे काही असेल ते मुलाबाळांशी बोला. बोलल्याने हलकं वाटतं." म्हणून हे लिहितोय. वाटतं खरं.

तळ रंगवून झाला. तपकिरी, शेवाळी, बाहेरच्या वळणाला काळा. निळा डबा उघडलाच नाही. कोरडा आहे, तरी ओला वाटतो. आता वरचं पाणी. रंगाच्या दुकानदाराने दोन बाटल्या दिल्या आहेत, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही मिसळून ओतायचं, की काचेसारखं घट्ट होतं. मिश्रणं मी आयुष्यभर कालवत आलो आहे, तेव्हा त्यात तुला विचारण्यासारखं काही नाही.

डॉक्टर


११ मार्च

नदीवाली,

त्यात तुला विचारण्यासारखं बरंच होतं.

दात भरताना मिश्रण लवकर घट्ट व्हावं लागतं, कारण पेशंट बिचारा आ करून बसलेला असतो. हाताला तीच सवय. बाटलीवर प्रमाण लिहिलं होतं. ते वाचून मी मनाशी म्हटलं, एवढ्याशा हार्डनरने काय होणार, आणि सढळ हाताने ओतला. शिवाय सगळी नदी एका दमात काठोकाठ भरली. खुर्चीत बसून कौतुकाने बघतोय तोवर नदीला वाफा यायला लागल्या. मग कडकड आवाज. पुलाखाली एक तडा गेला तो धावत स्टेशनापर्यंत पोचला. रंग म्हणशील तर जन्मभर तंबाखू खाल्लेल्या माणसाच्या दाढेचा. ही नाकाला रुमाल लावून दारात आली आणि म्हणाली, "अजून किती उकळू देणार आहात?"

पण मी हार मानली नाही. खुर्चीवरचा दिवा खाली ओढला, जुनी हत्यारं काढली आणि नदीचं रूट कॅनॉल केलं. कुठल्याही अक्कलदाढेने मला इतकं दमवलं नव्हतं. तुकडा तुकडा करून सगळं उकरलं. खाली तळही खरवडला गेला, तो पुन्हा रंगवला, आणि दुसऱ्यांदा जास्त चांगला जमला.

तुझं पत्र नेमकं त्यानंतर आलं. यात मात्र खुशाली आहे! बदली झाली, डोंगरातल्या नद्या आता तुझ्याकडे, खोलीच्या खिडकीतून धरण दिसतं. वाचून फार बरं वाटलं. खाली, धरणाचे नमुने करणाऱ्या तुमच्या कारागिराला विचारून तू लिहिलंस: 'डॉक्टर आहात, म्हणजे बाटलीवरचं वाचूनही ऐकणार नाही अशी भीती वाटते. प्रमाण मोजून घ्या. पातळ थर द्या. एक पूर्ण वाळल्यावरच दुसरा.' दोन वर्षं तोंड न बघताही तू मला इतकी ओळखतेस, याचा राग यायला हवा होता. आला नाही.

वर मायना नाहीच, पण 'नमस्कार' आहे. नमस्कार कुणालाही करता येतो, तरी तो मी माझाच समजलो.

आता सगळं तू सांगशील तसं. रोज एक थर, पापुद्र्याएवढा. ओतल्यावर बुडबुडे येतात. त्यांच्यावर नळीने श्वास सोडला की फुटतात, ही तुझी युक्ती बरोबर चालते. फुंकायचं नाही, नुसता श्वास सोडायचा. सकाळचा चहा झाला की मी या काठाला आणि ही त्या काठाला, दोघं नळ्या तोंडात धरून नदीवर वाकतो. ही माझ्यापेक्षा चांगलं करते. मी मधेच बोलायला जातो आणि माझी नळी पाण्यात पडते.

आणि एक गंमत. रेझिन काठावरच्या दगडांवर किंचित वर चढतं, दाताच्या बुंध्याला हिरडी चढते तसं. ती ओली रेघ दिसल्याबरोबर मला इतका आनंद झाला की मी हिला ओरडून बोलावलं. ती बिचारी धावत आली, तिला वाटलं पुन्हा उकळलं.

डॉक्टर


३० मार्च

नदीवाली,

चिरंजीव दोन दिवस राहून गेले. तुला पत्रं लिहितो हे आम्ही त्याला सांगितलेलं नव्हतं. लपवलं असं नाही. विषय निघाला नाही, आणि तो निघू नये याची आम्ही दोघांनी काळजी घेतली.

त्याला रुळांची गोडी कधीच नव्हती. दवाखान्याच्या खोलीत तो यायचा तो आपल्याला जेवायला हाक मारायला. या वेळी मात्र आपणहून आत आला, नदीसमोर उभा राहिला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बाबा, कुठेतरी पाणी मुरतंय."

मी घाबरून टेबलाखाली शिरलो. हात फिरवून बघितला, सगळं कोरडं ठणठणीत. वर आलो तर तो माझ्याकडे बघत होता.

"टेबलात नाही, घरात मुरतंय. हे बाहेरच्या वळणाला खोल असतं, ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुलावर जाऊन बघून आलो."

"आणि पुलावर जायला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. खोटं बोलायला तिला वेळ लागत नाही, आणि यात तर खोटंही काही नव्हतं.

तो हसला नाही, चिडलाही नाही. दातांच्या खुर्चीत जाऊन बसला आणि पायाने तिचा दांडा दाबून वरखाली होत राहिला, लहानपणी व्हायचा तसा. मग म्हणाला, "आम्ही कुठेही निघालो की ती प्रत्येक पुलावर गाडी थांबवायला लावायची. खाली उतरून बघत बसायची. बाहेरच्या वळणाला खोल, आतल्या वळणाला वाळू. मला सांगायची, बघ ना. मी कधी गाडीतून उतरलो नाही, बाबा. मला कंटाळा यायचा."

मलाही दुसऱ्यांच्या पुष्कळ गोष्टींचा कंटाळा येतो.

"बरी आहे ना?" त्याने विचारलं.

"बरी आहे. बदली झाली. खिडकीतून धरण दिसतं म्हणते."

"मग खूशच असेल." आणि निघताना बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता, "माझ्यासाठी पत्रं बंद करू नका. माझं तिच्याशी जमलं नाही, म्हणून तुमचं मोडायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

मुलगा मला नेहमीच आवडतो. पण त्या दिवशी विशेष आवडला.

हे तुला सांगू की नको असा विचार केला. ही म्हणाली, "सांगा. चांगलं बोललाय तो, तिला कळू दे." म्हणून सांगितलं. त्यावर तू काही लिहायची गरज नाही.

आता कामाचं. नदीत एक छोटा बंधारा घातला आहे, त्याखाली पाणी पडतं तिथे पांढरा फेस हवा. मी टूथपेस्ट लावून पाहिली. दिसायला उत्तम, पण दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या आणि सबंध बंधारा उचलून नेण्याच्या तयारीत होत्या. दुसरं काही सुचव.

डॉक्टर


१९ एप्रिल

नदीवाली,

तुझं पत्र मिळालं. आधी अपघाताचं सांगतो, कारण तो त्या पत्रामुळे झाला.

नदी टेबलाच्या ज्या कडेला संपते, तिथे आडवी पट्टी लावून फट बुजवून घ्यावी लागते. प्रत्येक थराच्या आधी मी ती न विसरता तपासतो. शेवटून दुसरा थर होता. रेझिन कालवून झालं आणि टपाल आलं. 'थर देऊ, मग निवांत वाचू' असं म्हणून पाकीट खिशात घातलं. राहवलं नाही. एका हाताने ओतत होतो, दुसऱ्या हाताने वाचत होतो. वर फेसाचं होतं, कापूस पिंजून त्याचे धागे लावायचे. आणि त्याखाली: 'एक सांगायचं आहे. मी पुन्हा लग्न करते आहे. तो इथे धरणाच्या दरवाज्यांचं काम बघतो. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मीच लिहिते.'

मी खुर्चीत बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. पट्टी तपासायची राहिली होती. नदी गुपचूप टेबलावरून उतरून माझ्या पायाशी आली. दुपारी हिने जेवायला हाक मारली तेव्हा उठलो, तर उजव्या पायातली सपात फरशी सोडेना. शेवटी तिच्यातून पाय काढला आणि एका सपातेने जेवायला गेलो. ती अजून तिथेच आहे. ही तिच्या कडेकडेने फरशी पुसते.

"काय झालं?" हिने विचारलं.

"तिचं लग्न ठरलं."

"बरं झालं," असं म्हणून हिने मला भात वाढला, मग पुन्हा वाढला, मग उठून आत गेली आणि तोंड धुऊन आली. मी तरी कुठे कोरडा होतो.

खरं सांगू? तुझ्यासाठी आनंद झाला. तू त्या डोंगरात एकटी राहतेस याचा हिला घोर होता, तो गेला. वाईट वाटलं ते आमचं. तुमचा निकाल लागला तेव्हाही माझ्या मनात कुठेतरी असं होतं की कागदावर काही का असेना, ती आपलीच. तुझ्यावर कुणी दुसरा हक्क सांगणारा नव्हता, म्हणून तो भ्रम चालून गेला. आता तुला दुसरे सासूसासरे होतील. एका मुलीने एका वेळी किती सासरे बाळगावेत याला मर्यादा असणार, आणि त्यात जुना निवृत्त करतात, नवा नाही.

नव्या घरात जुन्या सासऱ्याची पत्रं येणं बरं दिसणार नाही, हे मला समजतं. तेव्हा पुढे लिहायचं की नाही ते तू सांग. नको म्हणालीस तर राग येणार नाही. आम्ही तुझ्यावर पाणी सोडलं असं मात्र समजू नकोस. ते आमच्याच्याने होणार नाही. तुला सोडायचं असेल तर तू सोड.

त्याच्याबद्दल एकच विचारतो, बाकी चौकशा करायचा मला अधिकार नाही. पुलावर गाडी थांबवली तर तो खाली उतरतो का?

डॉक्टर


१० मे

नदीवाली,

तुझं पत्र नाही. नसू दे. लग्नघर आहे, हजार कामं असतील. मी फक्त नदी पूर्ण झाल्याचं कळवतो. ती तुझी होती, तुला कळवायलाच हवं.

वाहून गेलेला थर पुन्हा दिला, आणि त्यावर शेवटचा. फेस कापसाचा केला. दातांच्या दवाखान्यातले कापसाचे बोळे इतकी वर्षं कपाटात पडून होते, ते कामी आले. एकेक धागा चिमट्याने सुटा करून बंधाऱ्याखाली लावला. फार लावायचा मोह होतो. पहिल्यांदा बंधारा दाढी करायला बसल्यासारखा दिसत होता. निम्मा काढला, मग पाणी पडल्यासारखं वाटायला लागलं.

वरची थरथर चकचकीत पारदर्शक लेपाने केली, ब्रशाने टिपून टिपून. तू पहिल्या वर्षी कधीतरी म्हणाली होतीस, की खांबाच्या वरच्या अंगाला पाणी फुगतं आणि खालच्या अंगाला भोवरे धरतं. तसंच केलं. बाकी सगळीकडे पाणी शांत ठेवलं. मला सगळीकडे लाटा हव्या होत्या, पण ही म्हणाली, "नदी आहे, तिला कशाला घाई?"

दुपारी खिडकीतून उजेड येतो तेव्हा बाहेरच्या वळणाला नदी काळी दिसते, अगदी हात घालायची भीती वाटावी अशी, आणि आहे मात्र नखाएवढी खोल. काल पहिली गाडी सोडली. पुलावरून ती गेली आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब डब्यामागून डबा उलटं गेलं. ही खुर्चीच्या हातावर बसली होती. गाडी फिरून आली की पुन्हा बघायचं, असं संध्याकाळपर्यंत चाललं. या वयात एवढं पुरेसं आहे.

चिरंजीवांना फोनवर तुझ्या लग्नाचं सांगितलं. "चांगलं झालं," म्हणाला. मग म्हणाला, "नदीचा फोटो पाठवा."

हे शेवटचं पत्र असेल, तर शेवट बरा झाला असं म्हणायला हरकत नाही. मला म्हणायचं नाहीये, पण हरकत नाही.

डॉक्टर


२३ मे

नदीवाली,

दौऱ्यावर होतीस, तू परतल्यावर आमची दोन्ही पत्रं एकदम मिळाली, हे पाकिटाच्या मागेच लिहायचंस ना! उघडायच्या आधी मी ते अर्धा तास टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसलो होतो. शेवटी हिने उघडलं. चष्मा नव्हता म्हणून वाचायला माझ्याकडे दिलं.

मायना याही वेळी नाही. पण आता मी त्याची वाट बघत नाही.

तर तो खाली उतरतो, आणि एकदा उतरला की वर यायला तयार होत नाही. वा. हे वाचून ही इतकी हसली, की पुढचं वाचायला मला थांबावं लागलं. मग पुढचं वाचलं, मोठ्याने. 'नोंदणी कचेरीत साधंच करतो आहोत. माझ्या बाजूने आई येईल, दुसरं मोठं माणूस कुणी नाही. तुम्हाला विचारावं की नाही असं खूप दिवस वाटत होतं. तुम्ही दोघं मुलीकडचे म्हणून याल का?'

ते वाक्य मी परत वाचलं. हिला वाटलं, मी चुकीचं वाचलं म्हणून परत वाचतोय. पत्र माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, आणि चष्म्याशिवायच वाचलं. "मुलीकडचे," ती म्हणाली. "आपण?" आणि खुर्चीत बसली ती रडायलाच लागली. मी पाणी आणायला गेलो आणि स्वयंपाकघरात थोडा वेळ थांबलो.

मी परत आलो तोवर ती सावरून बसली होती आणि कामाला लागली होती. "मुलीकडचे म्हणजे आदल्या दिवशी जायला लागेल," म्हणाली. "लग्नाच्या दिवशी सकाळी टपकून चालत नाही. आणि तुमचा कोट दुरुस्तीला टाका."

मागच्या वेळी आम्ही मुलाकडचे होतो. रुबाबात आलो, बसलो, जेवलो. त्या दिवशी हिने खुर्च्या कमी पडल्याची तक्रार केली होती, आणि तुझी आई स्वतः दोन खुर्च्या उचलून आली होती. हिला ते आता आठवलं आणि ती लाजेने लाल झाली. तुझ्या आईला निरोप आहे, तिने या वेळी एकही खुर्ची उचलायची नाही. तिने बसायचं. खुर्च्या आम्ही मांडू.

चिरंजीवांना कळवलं. तो म्हणाला, "मग मी कोण लागतो?" मी म्हटलं, "मुलीकडच्यांचा मुलगा." तो खूप हसला. बऱ्याच दिवसांनी तसा हसला. येणार नाही, पण आमची जायची यायची तिकिटं त्यानेच काढली, आणि खिडकीजवळची जागा घेतली. वाटेत तीन नद्या लागतात म्हणे.

बाकी मला फार लिहिता येत नाहीये. ही कागद ओढते आहे, तिला मुलाकडच्यांसाठी निरोप घालायचा आहे. ती सांगते तसं लिहितो: दिलेल्या वेळेला या. उशीर केलात तर ऐकून घ्यावं लागेल. आमच्या मुलीला वाट बघत उभं केलेलं आम्हाला चालणार नाही.

तुझ्याकडचे,
आम्ही दोघं